कबरीचं पान कसं वाचावं? नॉर्वेचे स्थलांतरित, हौशी संशोधक आणि वंशावळीचा पुरावा

आजचा विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल, की नॉर्वेतून अमेरिकेत गेलेल्या शेतकऱ्यांच्या कबरींशी आपलं काय देणंघेणं? प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर असं. गेल्या तीसेक वर्षांत हौशी माणसांनी, एक पैसा न घेता, एक अवाढव्य नोंदवही तयार केली आहे. कबरीच्या दगडांची छायाचित्रं, त्यांवरची नावं, तारखा, नाती, सगळं इंटरनेटवर आहे. असंख्य लोक ती वाचतात आणि तिच्या आधारे आपले पूर्वज कोण ते ठरवतात. जे लेखन इतकं वाचलं जातं त्याची समीक्षा व्हायला नको का? कादंबरीची होते, चरित्राची होते, गॅझेटियरची होते. मग हिचीच का नाही? "बिचारे फुकट काम करतात, त्यात काय चुका काढायच्या", असं म्हणून सोडून देणं म्हणजे त्या कामाला कमी लेखणं. आम्हाला ते काम मोलाचं वाटतं, म्हणूनच आज त्याची चिकित्सा करायची आहे.

आणि उदाहरण नॉर्वेचंच का? कारण तिथे हा प्रश्न स्वच्छ दिसतो. एका बाजूला उत्तम दप्तर सांभाळणारा लहानसा देश, दुसऱ्या बाजूला अमेरिकेचं अफाट माळरान, आणि मधे अटलांटिक महासागर.

आधी थोडी पार्श्वभूमी. ४ जुलै १८२५ रोजी स्टावांगर बंदरातून 'रेस्टॉरेशन' नावाचं एक छोटं गलबत निघालं. त्यात ५२ माणसं होती. ९ ऑक्टोबरला ते न्यूयॉर्कला लागलं तेव्हा माणसं ५३ झाली होती, कारण वाटेत एक मुलगी जन्मली. गलबताच्या मानाने माणसं फारच जास्त, म्हणून अमेरिकी कायद्याखाली ते जप्त झालं. राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी माफी दिली तेव्हा सुटलं. ही सुरुवात. पुढच्या शंभर वर्षांत नॉर्वेतून आठ लाखांहून अधिक माणसं उत्तर अमेरिकेत गेली. हा आकडा मोठा का, तर १८६५ च्या जनगणनेत अख्ख्या नॉर्वेची लोकसंख्याच सतरा लाखांच्या आसपास होती. लोकसंख्येच्या प्रमाणात बघितलं तर युरोपात आयर्लंडनंतर नॉर्वेचाच क्रमांक लावतात. एकट्या १८८२ साली अठ्ठावीस हजारांवर लोक निघून गेले.

का गेले? १८०१ ते १८६५ या काळात लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली. पण डोंगर आणि फियॉर्ड यांच्या त्या देशात शेतीची जमीन मूठभर. थोरल्याला शेत मिळे, धाकट्यांनी दुसऱ्याच्या शेताच्या कडेला झोपडं बांधून मजुरी करायची. अशा कुळाला तिकडे 'हुसमान' म्हणत. आणि अमेरिकेत १८६२ चा होमस्टेड कायदा १६० एकर देत होता, जवळपास फुकट. इलिनॉय, विस्कॉन्सिन, आयोवा, मिनेसोटा, दोन्ही डकोटा, असे हे लोक पश्चिमेकडे सरकत गेले. जिथे गेले तिथे आधी चर्चची मंडळी उभी केली, आणि चर्चच्या शेजारी दफनभूमी.

आता कबरींकडे येऊ. इथे एक गोष्ट आहे जी आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसेल. नॉर्वेत कबर कायमची नसते. तिथल्या कायद्यानुसार दफनानंतर किमान वीस वर्षं जागेला हात लावता येत नाही. त्यानंतर नातेवाइकांनी भाडं भरून मुदत वाढवली तर ठीक. नाही तर दगड हलवला जातो आणि त्याच जागी दुसऱ्याचं दफन होतं. काही दगड ऐतिहासिक म्हणून राखून ठेवतात, पण ते थोडे. देश लहान, चर्चच्या आवाराची जागा मोजकी, हा व्यवहार समजण्यासारखा आहे. पण त्याचा परिणाम बघा. जो मुलगा १८७० मध्ये घर सोडून गेला, त्याचा दगड मिनेसोटाच्या एखाद्या गवताळ टेकाडावर आजही उभा असण्याची शक्यता बरीच. आणि त्याला निरोप देऊन मागे राहिलेल्या त्याच्या आईची कबर तिच्या गावात आज दाखवता येण्याची शक्यता फार कमी. जो परागंदा झाला त्याचा दगड राहिला, आणि जी मूळ जागी राहिली तिचा गेला.

म्हणून दोन्हीकडच्या हौशी संशोधकांची निकड वेगळी आहे. नॉर्वेत 'स्लेक्ट ओग डाटा' ही वंशावळ संशोधकांची संघटना आहे. १९९० मध्ये ती 'डिस-नॉर्गे' या नावाने सुरू झाली. तिचे सभासद 'ग्रावमिनर' नावाचा कबरींचा संग्रह चालवतात. दफनभूमीच्या कार्यालयातली नोंदवही आणि दगडाचं छायाचित्र यांची ते सांगड घालतात. त्यांची शर्यत मुदत संपण्याशी आहे. आज दिसतो तो दगड पुढच्या वर्षी नसेल, आधी टिपून ठेवा. अमेरिकेत शर्यत हवामानाशी आहे, आणि ओस पडणाऱ्या खेड्यांशी. दगड कोणी हलवत नाही, पण मऊ संगमरवरावरची अक्षरं पावसाने पुसट होतात, चर्चची मंडळी पांगतात, गवत कापायला माणूस उरत नाही.

अमेरिकी बाजूची मोठी नोंद 'फाइंड अ ग्रेव्ह'वर आहे. जिम टिप्टन या गृहस्थांनी १९९५ मध्ये ती सुरू केली तेव्हा प्रसिद्ध लोकांच्या कबरी हा त्यांचा छंद होता. पुढे सामान्यांच्या कबरी त्यात आल्या आणि वाढत गेल्या. २०१३ मध्ये 'ॲन्सेस्ट्री' या वंशावळीच्या व्यवसायातल्या कंपनीने ती विकत घेतली. २०११ मध्ये 'बिलियनग्रेव्हज' आलं. त्यात फोनने फोटो काढला की कबरीचं अक्षांश-रेखांशही नोंदलं जातं. काम कसं चालतं? ऑस्लोतल्या कोणाला नॉर्थ डकोटातल्या दगडाचा फोटो हवा असतो. तो तशी विनंती टाकतो. तिथून पन्नास-साठ किलोमीटरवर राहणारी कोणी निवृत्त शिक्षिका रविवारी गाडी काढते, सोबत पाण्याची बाटली आणि मऊ ब्रश घेते, दगड शोधते, उन्हाचा कोन साधायला आरसा धरते, फोटो काढते आणि चढवते. पैसे नाहीत, प्रसिद्धी नाही. ही संस्था, आम्ही मुद्दाम संस्था म्हणतो, आपल्या काळातली एक चांगली गोष्ट आहे. पुढची सगळी टीका हे मान्य करून आहे.

टीकेचा पहिला मुद्दा. पडद्यावर जे पान दिसतं ते एकसंध दिसतं, पण ते तीन जणांनी लिहिलेलं असतं. पहिला लेखक दगड, म्हणजे दगड कोरून घेणारं कुटुंब. दुसरा लेखक स्वयंसेवक, जो दगड वाचतो आणि टंकतो. तिसरा लेखक ते पान सांभाळणारा किंवा त्यात भर घालणारा कोणी, जो आईबाप, भावंडं, जन्मगाव, कधी मृत्यूची बातमी अशी माहिती जोडतो. पहिल्याचं म्हणणं, दुसऱ्याचं वाचन आणि तिसऱ्याचा अंदाज हे सगळं एकाच टंकात, एकाच रंगात, एकाखाली एक येतं. दगडावर फक्त "१८४८–१९१९" असेल आणि पानावर "जन्म १४ मार्च १८४८, हालिंगदाल, नॉर्वे" असं दिसेल, तर तो १४ मार्च आणि ते हालिंगदाल कुठून आलं? छायाचित्र मोठं करून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि तेवढी तसदी घेणारे थोडे.

दगडसुद्धा काय सांगतो, याची किंमत करायला हवी. मृत्यूच्या तारखेसाठी दगड बरा साक्षीदार आहे, कारण तो मृत्यूनंतर लवकर बसवलेला असू शकतो. नेहमी नव्हे, पुष्कळदा मुलांची परिस्थिती सुधारल्यावर, वीस-तीस वर्षांनीही दगड बसतो. जन्मतारखेसाठी मात्र तो ऐकीव साक्षीदार आहे. म्हातारीची जन्मतारीख तिच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलाने सांगितली, त्याला ती आईकडून कळलेली. जुन्या दगडांवर तर जन्मतारीख नसून वय असतं, इतकी वर्षं, इतके महिने, इतके दिवस. त्यावरून कोणी उलटी वजाबाकी करतो आणि पानावर जन्माची पक्की तारीख उमटते.

भाषेची अडचण आहेच. अनेक जुने दगड नॉर्वेजियन भाषेत आहेत. 'फ्योत' म्हणजे जन्मला, 'द्योद' म्हणजे वारला, 'हुस्त्रू' म्हणजे बायको. हे शब्द न समजणारा माणूस नावाचा आणि शब्दाचा घोळ करू शकतो. शिवाय अक्षरं. आज ज्याला नॉर्वेजियन लोक वर गोल दिलेला एकच 'ऑ' लिहितात, तो १९१७ च्या शुद्धलेखन सुधारणेआधी दोन 'ए' जोडून लिहीत. अमेरिकेत तो गोल आणि 'ओ'वरची तिरपी रेघ दोन्ही गळून पडले. एकाच माणसाचं नाव तीन प्रकारे लिहिलं गेलं, आणि शोधयंत्राला ती तीन माणसं वाटतात.

टीकेचा दुसरा मुद्दा नावांचा, आणि तो मराठी माणसाला पटकन कळेल. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं, आणि अनेक आडनावं गावावरून पडतात, अमुककर, तमुककर. नॉर्वेच्या खेड्यांत या दोन्ही गोष्टी होत्या, पण एक मोठा फरक होता. आपला सातारकर पुण्यात आला तरी सातारकरच राहतो. नॉर्वेचा माणूस एका शेतावरून दुसऱ्या शेतावर राहायला गेला की त्याचं शेताचं नाव बदलायचं. ते आडनाव नव्हतं, पत्ता होता. समजा, ओले नावाचा एक माणूस आहे. बाप आंदेर्स, म्हणून तो ओले आंदेर्सन. हाउगेन नावाच्या शेतावर वाढला, म्हणून ओले आंदेर्सन हाउगेन. लग्नानंतर बाक्केन शेतावर कूळ म्हणून गेला, तर ओले आंदेर्सन बाक्केन. हा माणूस आम्ही समजावण्यापुरता रचलेला आहे, पण 'हाउगेन' म्हणजे नुसतं टेकाड, आणि अशी टेकाडं नॉर्वेत गावोगाव आहेत. मुलांना आजोबा-आजीची नावं ठेवायची पद्धत, त्यामुळे ओलेचा थोरला मुलगा पुन्हा आंदेर्स. चुलतभावाचाही थोरला आंदेर्स. एकाच गावात, एकाच दशकात, दोन-तीन आंदेर्स ओल्सन. कायमचं आडनाव घेणं नॉर्वेत कायद्याने सक्तीचं झालं ते १९२३ मध्ये.

हा ओले अमेरिकेत गेल्यावर काय होतं? तो अँडरसन होऊ शकतो, हाउगेन राहू शकतो, किंवा त्याचं भाषांतर होऊन 'हिल' होऊ शकतो. त्याची मुलं कदाचित ओल्सन म्हणवतील. आणि त्याची बहीण मारित? ती नॉर्वेत जन्मभर मारित आंदेर्सदात्तर, आंदेर्सची लेक. खेड्यात लग्नानंतरही बाईचं बापाचं नाव बदलत नसे. अमेरिकेत मात्र तिच्या दगडावर पुष्कळदा एवढंच असायचं: मारित, अमुक लीची बायको. 'ली' हेही मूळ 'लिये' या शेतनावाचं इंग्रजी रूप. स्वातंत्र्याच्या देशात आली आणि स्वतःचं नाव गमावून बसली, हा विरोधाभास वंशावळीची पानं वाचताना सतत जाणवतो. स्वयंसेवकांपैकी ज्या कोणी अशा बायकांचं मूळ नाव शोधून पानावर परत लिहिलं, त्यांनी मोठं काम केलं आहे. पण अशाच जागी चुकीची मारित चिकटवली जाण्याचा धोकाही सगळ्यात जास्त.

इथे तिसरा मुद्दा येतो, पडताळणीचा. नॉर्वेत १८१२ पासून नियम झाला की चर्चच्या नोंदवहीच्या दोन प्रती ठेवायच्या. एक पाद्र्याने लिहायची, दुसरी चर्चच्या कारकुनाने, ज्याला 'क्लोकर' म्हणत. आणि दोन्ही वह्या रात्री एका छपराखाली ठेवायच्या नाहीत, कारण आग लागली तर एक तरी वाचावी. या नियमात किती शहाणपण आहे बघा. दोन प्रती, दोन हात, दोन घरं. आज संशोधक दोन्ही वह्या ताडून बघू शकतो. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'डिजिटालअर्किवे' १९९८ पासून आहे. तिथे या वह्यांची पानं, १८०१, १८६५, १९००, १९१० च्या जनगणना, आणि बंदरांवर पोलिसांनी ठेवलेल्या स्थलांतरितांच्या याद्या कोणालाही फुकट बघता येतात. जनगणना शंभर वर्षं गुप्त ठेवतात, म्हणून १९२० ची यादी १ डिसेंबर २०२० रोजी खुली झाली.

आता याच्याशी इंटरनेटवरच्या वंशवृक्षांची तुलना करा. एकाने अंदाजाने लिहिलं की आपला ओले हा हाउगेनचा. दुसऱ्याने ते उचललं. तिसऱ्याने कबरीच्या पानावर तो दुवा जोडला. चौथ्याने कबरीचं पान पुरावा म्हणून वंशवृक्षात लावलं. वर्षभरात शंभर ठिकाणी तेच. बघणारा म्हणतो, शंभर जण सांगतात म्हणजे खरंच असणार. पण साक्षीदार एकच आहे, आणि त्याने काही पाहिलेलं नाही. जुन्या पाद्र्याकडे दोनच प्रती होत्या, पण त्या दोन वेगळ्या हातांच्या होत्या. आपल्याकडे शंभर आहेत आणि सगळ्या एकाच छपराखाली. म्हणून आम्ही म्हणतो, कबरीचं पान हा शोधाचा आरंभ आहे. तिथून माणसाने चर्चच्या वहीकडे जायला हवं, आणि गेलो की नाही ते पानावर लिहायला हवं.

चौथा मुद्दा आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा: या नोंदवहीत कोण नाही? दगडावरून सुरुवात करणारी नोंद, ज्याला दगड मिळाला त्याचीच असणार. वाटेत वारलेल्यांना समुद्रात सोडलं, त्यांना दगड नाही. क्विबेकच्या वाटेने आलेल्यांपैकी काही ग्रोस-इल बेटावरच्या विलगीकरण केंद्रात गेले. विस्कॉन्सिनमधल्या मस्कीगो वसाहतीत १८४९ च्या सुमारास पटकीची साथ आली, तेव्हा माणसं इतक्या घाईने पुरली गेली की खुणा राहिल्या नाहीत. पहिल्या हिवाळ्यात गेलेली तान्ही मुलं शेताच्या कडेला पुरली जात. लाकडी क्रूस दहा-पंधरा वर्षांत कुजून जातो.

आणि वेड्यांची इस्पितळं. १९३२ मध्ये ओर्नुल्व ओदेगोर या नॉर्वेजियन मनोविकारतज्ज्ञाने 'स्थलांतर आणि वेड' या विषयावर अभ्यास प्रसिद्ध केला, तो आजही मनोविकारशास्त्रात सांगितला जातो. मिनेसोटात राहणाऱ्या नॉर्वेजियनांमध्ये गंभीर मानसिक आजारासाठी इस्पितळात दाखल होण्याचं प्रमाण तिथे जन्मलेल्या अमेरिकनांपेक्षा, आणि मायदेशातल्या नॉर्वेजियनांपेक्षाही, जास्त होतं, असं त्याला आढळलं. रोल्वागची माळरानावरची प्रसिद्ध कादंबरी ज्यांनी वाचली असेल त्यांना त्यातली बेरेट आठवेल. तिची मनोवस्था ही निव्वळ कल्पना नव्हती. आता प्रश्न असा, की ही माणसं वारली तेव्हा कुठे गेली? मिनेसोटातल्या सरकारी संस्थांच्या आवारांत हजारो माणसं अशी पुरली गेली, की त्यांच्या जागेवर नाव नाही, फक्त क्रमांक. कित्येकांच्या जागेवर तोही नाही. तिथे 'रिमेंबरिंग विथ डिग्निटी' नावाची चळवळ १९९४ पासून अशा कबरींवर नावाचे दगड बसवते आहे. अपंगत्वासह जगणाऱ्या आणि स्वतः अशा संस्थांत राहिलेल्या लोकांचा तीत पुढाकार आहे. आमच्या दृष्टीने हे कबर-नोंदीचं सर्वात वरच्या दर्जाचं काम. इथे नाव लिहिण्याने वंशवृक्षाची फांदी पुरी होते की नाही, हा प्रश्न दुय्यम. माणसाला माणूस म्हणून परत नोंदवलं जातं. आणि अनेक कुटुंबांच्या वंशावळीत "पुढे माहिती नाही" असं ज्या काकूबद्दल लिहिलं असेल, ती कदाचित अशा क्रमांकाखाली असेल.

आणखी एक गैरहजेरी आहे, आणि ती बोलून दाखवायला हवी. ती १६० एकर जमीन रिकामी नव्हती. मिनेसोटात डकोटा लोकांच्या जमिनी करारांनी गेल्या, अन्नधान्य आणि पैसे वेळेवर मिळेनात, आणि १८६२ मध्ये युद्ध पेटलं. त्यात नॉर्वेजियन वसाहतीतलेही लोक मारले गेले. त्यांची स्मारकं आहेत, पानंही आहेत. २६ डिसेंबर १८६२ रोजी मॅनकेटो गावात ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं गेलं. नदीकाठी एका खड्ड्यात त्यांना पुरलं, आणि त्याच रात्री डॉक्टरांनी शवविच्छेदनासाठी देह उकरून नेले. ज्या भूमीवर एका समाजाच्या कबरी आपण फुलांच्या चित्रांनी सजवतो, त्याच भूमीवर दुसऱ्याला कबरही राखू दिली नाही. कॅरेन हॅन्सेन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१३ च्या 'एन्काउंटर ऑन द ग्रेट प्लेन्स' या पुस्तकात नॉर्थ डकोटातल्या स्पिरिट लेक राखीव क्षेत्राचा इतिहास मांडला आहे. १९०४ पासून तिथे स्कँडिनेव्हियन शेतकरी आले, आणि १९२९ पर्यंत त्या राखीव क्षेत्रातली त्यांची जमीन डकोटांच्या जमिनीपेक्षा जास्त झाली. विशेष म्हणजे हॅन्सेन यांचं स्वतःचं घराणं त्या वसाहतकऱ्यांपैकी. म्हणजे वंशावळीचा शोध आपल्या माणसांच्या बढाईशी थांबायलाच हवा असं नाही. शेजारी कोण होता, त्याचं काय झालं, इथपर्यंत तो नेता येतो. कबरीच्या पानावर "१८८० मध्ये जमीन घेतली" असं लिहिताना ती कोणाकडून आली, हे एक वाक्य लिहायला जागा असते.

पाचवा मुद्दा मालकीचा. स्वयंसेवक गाडीचं पेट्रोल स्वतःच्या खिशातून भरतो, आणि नोंद एका व्यापारी कंपनीच्या ताब्यात जाते. ती आज फुकट बघता येते हे खरं. पण उद्याचा निर्णय लिहिणाऱ्यांच्या हातात नाही. नॉर्वेची चर्चची वही राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, ग्रावमिनर सभासदांच्या संघटनेकडे आहे. अमेरिकी बाजूला मात्र खासगी मालक. यातूनच दुसरी एक विकृती येते, आकड्यांची. कोणी किती पानं तयार केली हे त्याच्या नावाशी दिसतं, त्यामुळे काहींना संख्येचा नाद लागतो. वर्तमानपत्रात मृत्यूची बातमी आली की कुटुंबाचे अश्रू वाळायच्या आत कोणी परका पान उघडून बसतो. यावर कुटुंबांनी तक्रारी केल्या, आणि जवळच्या नातलगांना पान सोपवण्याचे नियमही आहेत. पण मूळ दोष रचनेत आहे: जो आधी येईल तो त्या मृताच्या पानाचा कारभारी. दफनभूमीत असं चालत नाही. तिथे जागा आधी कुटुंबाची असते.

मग करायचं काय? आम्ही चार गोष्टी सुचवतो. एक, पानावर दगडाचा मजकूर जसाच्या तसा, मूळ भाषेत, वेगळ्या चौकटीत असावा. त्याखाली वाचन, त्याखाली जोडलेली माहिती आणि ती कुठून आली ते. दोन, खात्री नसेल तिथे नातं जोडू नये. "बहुधा" हा शब्द वापरायला लाज वाटायचं कारण नाही. तीन, एकेकटा दगड टिपण्यापेक्षा अख्खी दफनभूमी टिपावी, चर्चच्या वहीशी ताडून, म्हणजे ज्यांना दगड नाही त्यांचीही यादी निघते. चार, दगड साफ करताना पाणी आणि मऊ ब्रश एवढंच. तारेचा ब्रश, ब्लीच, शेव्हिंग क्रीम यांनी फोटो छान येतो, पण दगडाचं आयुष्य कमी होतं. नोंद करायच्या नादात नोंदीचा आधारच घालवला, असं व्हायला नको.

शेवटी चॅटमध्ये आलेला एक प्रश्न घेतो. एका श्रोत्यांनी विचारलं आहे, "आपल्याकडे बहुतेकांच्या कबरीच नसतात, तर आपण यातून काय घ्यायचं?" चांगला प्रश्न आहे. आपल्याकडे दगड नाही, पण वही आहे. तीर्थक्षेत्रातल्या उपाध्यांच्या वह्या आहेत, घराण्यांचे कुलवृत्तांत आहेत. ज्या युटाच्या जीनिऑलॉजिकल सोसायटीने युरोपातल्या चर्चच्या वह्यांची मायक्रोफिल्म केली, तिनेच हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही केली आहे, म्हणजे हे धागे एकाच गोदामात कधीच जाऊन बसले आहेत. आज विचारलेले प्रश्न आपल्या कुलवृत्तांतालाही लागू पडतात. यातलं वहीतलं किती, आजोबांच्या आठवणीतलं किती, छापणाऱ्याच्या अंदाजातलं किती? लेकी कुठे गेल्या, त्यांची नावं लग्नानंतर बदलून आपल्या वंशवृक्षातून का गळाली? ज्यांच्या जमिनीवर आपण वाढलो, आणि जे आपल्या शेतावर राबले, त्यांची वही कोणी ठेवली? ज्यांच्या घरी असा छापील कुलवृत्तांत आहे, त्यांनी या आठवड्यात तो काढावा आणि आपल्या खापरपणजीचं माहेरचं नाव त्यात सापडतं का, ते बघावं. नसेल तर घरातल्या सगळ्यात वयस्कर व्यक्तीला आजच विचारून, कोणी सांगितलं आणि कधी सांगितलं यासकट, वहीत लिहून ठेवावं.